साक्रीचे बर्फाधिकारी

साक्रीत बर्फ ही उन्हाळ्याची वस्तू आहे. चैत्र लागला की बसस्टँडपाशी गोळ्याच्या गाड्या उभ्या राहतात, गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या टेम्पोतून उतरतात, लग्नाच्या मांडवात पाण्याच्या पिंपात त्यांचे तुकडे पडतात आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर बर्फाचा विषय वर्षभरासाठी मिटतो. ऐन हिवाळ्यात बर्फाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच. आमच्या गल्लीतले आप्पा. आणि त्यांची काळजी गोळ्याच्या बर्फाची नाही, विमानतळाच्या धावपट्टीवर पडणाऱ्या बर्फाची आहे. साक्रीला धावपट्टी नाही. धुळ्याजवळ गोंदूरला आहे, पण तिथे उन्हाने डांबर मऊ होईल, बर्फ काही पडायचा नाही. या दोन्ही गोष्टी आप्पांना कुणीही सांगू शकतं, आणि बहुतेकांनी सांगून झाल्या आहेत.

आप्पा हवाई दलातून निवृत्त झाले. खातं मोटार ट्रान्सपोर्टचं. नोकरीत त्यांनी जोधपूरची धूळ खाल्ली, तांबरमचा घाम पुसला, पण ही गावं त्यांच्या बोलण्यात फक्त बदलीच्या कागदापुरती येतात. आयुष्य म्हणजे श्रीनगर. तिथला विमानतळ हवाई दलाचा. आपण तिकीट काढून उतरतो ती त्याच्या कडेची प्रवासी इमारत. रात्री बर्फ सुरू झाला की सकाळच्या विमानांआधी धावपट्टी काळी करून ठेवायची, हे हवाई दलाच्या माणसांचं काम. आप्पा त्यातल्या बर्फ लोटणाऱ्या गाडीवर होते. "आम्ही विमान उडवत नव्हतो, आम्ही रनवे काळा करत होतो," असं ते सांगतात, आणि सांगताना छाती अशी काही पुढे येते की उडवणाऱ्यांनी ओशाळावं.

घरात एकवीरेच्या तसबिरीशेजारी हृषीकेश मुळगावकरांचा फोटो आहे. काश्मीरच्या पहिल्या लढाईत महावीरचक्र मिळवलेले आणि पुढे १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख झालेले मुळगावकर. नवा पाहुणा "हे तुमचे वडील का?" असं विचारतो आणि मग त्याचा चहा गार होतो.

शाळेने एकदा त्यांना १५ ऑगस्टला देशभक्तीवर पाच मिनिटं बोलायला बोलावलं. आप्पांनी सुरुवात झोकात केली. २७ ऑक्टोबर १९४७, शीख रेजिमेंटचे जवान घेऊन डाकोटा विमानं श्रीनगरला उतरली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग आप्पा म्हणाले, "पण मुलांनो, तारीख बघा! ऑक्टोबर! हेच डिसेंबरात असतं तर?" आणि तिथून गाडी जी बर्फात शिरली ती बाहेर येईना. २४ मे १९४८ ला मेहेरसिंगांनी जनरल थिमय्यांना घेऊन लेहला पहिलं विमान उतरवलं, ती पट्टी सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने थंडीतच खपून तयार केली होती, हे सगळं खरं आणि मोलाचं. पण ध्वजाखाली उन्हात उभ्या असलेल्या चौथी 'ब'ला पंखावरचं दव गोठलं तर विमानाची उचल कशी कमी होते हे कळायचं ते वय नव्हतं. शेवटी हेडमास्तरांनी राष्ट्रगीताची खूण केली. राष्ट्रगीत सुरू झालं की आप्पा सावधान होतात, हे त्यांना ठाऊक होतं.

आप्पांचं खरं वर्ष २१ डिसेंबरला सुरू होतं. काश्मिरात त्या दिवशी चिल्लई कलान बसते: कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. त्यानंतर वीस दिवसांची चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांची चिल्लई बच्चा. आपल्याकडे पंचक लागलं म्हणून सांगावं त्या सुरात आप्पा गल्लीत जाहीर करतात, "चिल्लई कलान बसली बरं का." तेवढे सत्तर दिवस ते पहाटे तीनला उठतात. अंगणात येऊन तळवा फरशीला लावतात. खिळ्याला टांगलेला थर्मामीटर टॉर्चने वाचतात. धुळ्याचा पारा सहा अंशांवर आल्याची बातमी पेपरात आली की गाव कानटोप्या शोधतं आणि आप्पा म्हणतात, "अजून सहा खाली यायला पाहिजे." सातपुड्यात तोरणमाळला, डाबला एखाद्या पहाटे गवतावर दव गोठतं. त्या पांढऱ्या गवताचे फोटो पेपरात आले की आप्पा ते कापून फायलीत लावतात. खाली शाईने लिहितात: "हिमकण. पाच."

हा 'पाच' समजून घेतला नाही तर आप्पांशी बोलता येत नाही. धावपट्टीची अवस्था वैमानिकाला कशी कळवायची याची एक जागतिक पद्धत ४ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाली. धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागाला शून्य ते सहा यांतला एक आकडा द्यायचा. सहा म्हणजे कोरडी. पाच म्हणजे ओली, किंवा नुसतं हिमकण धरलेली. तीन मिलिमीटरच्या वर पाणी साचलं तर दोन. बर्फाचा कडक थर असेल तर एक. आणि त्या थरावर पाणी असेल तर शून्य. शून्यावर विमान हलत नाही. हा नियम आला तेव्हा आप्पा निवृत्त होऊन बसले होते. तरी त्यांनी तो मुलाच्या मोबाइलवरून उतरवून घेतला, तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला आणि घरात लागू केला.

काकूंनी ओटा धुतला की आप्पा खिशातून शाळेतली स्टीलची पट्टी काढतात, गुडघ्यावर बसतात आणि पाण्याची खोली मोजतात. दाराकडचा भाग, मधला भाग, मोरीकडचा भाग. मग उभं राहून आवाज देतात, "ओटा! पाच, पाच, दोन!" म्हणजे मोरीकडे पाणी तुंबलंय. काकू आतून ओरडतात, "पानी शे, पाय जपीसन ठेवा, इतलंच सांगा ना!" आप्पांचं म्हणणं, 'जपून' हे मोजमाप नाही. जपून म्हणजे किती? कोणत्या भागात? कुणी मोजलं? किती वाजता? सून नाशिकची. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी न्हाणीघराच्या दाराशी सासऱ्यांनी "तीन, दोन, दोन" म्हटलं, आणि तिला वाटलं, हुंड्याचा नाही तरी कसला तरी हिशेब राहिलाय.

भाचा टोरांटोत असतो. त्याचा फोन आला की घरचे तब्येत विचारतात, आप्पा बर्फ विचारतात.

"किती पडलाय रे?"

"खूप, मामा."

"खूप म्हणजे किती मिलिमीटर?"

"अहो, गाडी दिसत नाहीये माझी."

"गाडीचं राहू दे. ओला की कोरडा? मुठीत धरून गोळा होतो का बघ."

भाचा कॉम्प्युटरवाला, तो घरातून काम करतो आणि मुठीत बर्फ धरायला बाहेर जात नाही. पण एकदा तो विमानात दीड तास अडकला, कारण विमानावर फवारे मारायचे होते. त्याने फोनवर कुरकुर केली. आप्पा उसळले. "त्या फवाऱ्याला हात जोड! उशिराची तक्रार करायला माणूस पोचावा लागतो."

फवाऱ्याचं शास्त्र आप्पा रंगवून सांगतात. आधी गरम केशरी द्रव, तो पंखावर साठलेला बर्फ धुऊन काढतो. मग हिरवा, दाट. तो पंखावर थर धरून बसतो, वरून पडणारा बर्फ आपल्यात मुरवतो आणि विमान वेगाने धावलं की घसरून जातो. पण त्याचीही मुदत असते. बर्फ जोरात असला तर मिनिटांत संपते. फवारा मारला की घड्याळ सुरू. वेळ टळली की परत मागे, परत फवारा. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये एक विमान फवारा मारून झाल्यावर पाऊण तासाहून जास्त खोळंबलं, पंखांवर पुन्हा बर्फ बसला, इंजिनातला बर्फ रोखणारी यंत्रणा वैमानिकांनी चालू केली नाही, आणि उडाल्यावर अर्ध्या मिनिटात ते पुलावर आदळून पोटोमॅक नदीत गेलं. ७८ माणसं गेली. हे ऐकताना समोरचा गंभीर होतो, आणि होण्यासारखंच आहे. अडचण अशी की आप्पांनी त्यातून घरासाठी नियम काढला आहे. परगावी निघणाऱ्याला ओवाळलं, हातावर दही घातलं, की घड्याळ सुरू. चपला शोधण्यात, चार्जर विसरण्यात वेळ गेला तर पुन्हा ओवाळायचं. मुलगा पुण्याला जाताना एकदा तीन वेळा ओवाळला गेला आणि दह्याचं भांडं रिकामं झालं.

दुसरी गोष्ट म्युनिकची, ६ फेब्रुवारी १९५८ ची. मँचेस्टर युनायटेडचे फुटबॉलपटू घेऊन निघालेलं विमान दोनदा धावलं आणि दोनदा थांबवलं गेलं. तिसऱ्यांदा धावलं तेव्हा धावपट्टीच्या शेवटच्या भागात पाण्या-बर्फाचा राडा होता. वाढायचा तो वेग तिथे घटला, विमान कुंपण तोडून घरावर गेलं. २३ माणसं दगावली. ठपका बसला वैमानिकावर, की पंख साफ केले नाहीत. राड्याचा दोष मान्य होऊन त्याचं नाव मोकळं व्हायला दहा वर्षं गेली. "पंखाकडे सगळे बघतात," आप्पा म्हणतात, "चाकाखाली कुणी बघत नाही." या अपघाताचा साक्रीवर झालेला परिणाम असा, की आप्पांची स्कूटर दोन किकमध्ये सुरू झाली नाही तर ते तिसरी मारत नाहीत. स्टँडला लावतात आणि पिंपळनेरला एसटीने जातात.

गावाने त्यांना वेड्यात काढलं असतं, पण आप्पांकडे आकडेमोड असते आणि खान्देशी माणूस आकडेमोडीपुढे जरा थांबतो. एकदा कांद्याच्या ट्रॉल्या लिलावाच्या रांगेत उभ्या होत्या. पारावर कुणीतरी म्हणालं, बर्फच तो, झाडला की झालं. आप्पांनी खडूने गणित मांडलं. श्रीनगरची धावपट्टी साडेतीन किलोमीटरहून लांब, रुंदी ४५ मीटर. त्यावर फक्त दहा सेंटिमीटर ताजा बर्फ. लांबी ३,६०० मीटर धरली तरी झाला १६,२०० घनमीटर. ताजा बर्फ हलका, घनमीटरला शंभर किलो धरा. म्हणजे १,६२० टन. चार टनांची एक ट्रॉली धरली तर ४०५ ट्रॉल्या. "आणि माल कुणी घेणार नाही," आप्पा म्हणाले. पार गप्प झाला. चारशे ट्रॉल्या पडून आहेत आणि गिऱ्हाईक नाही, हे दुःख तिथल्या प्रत्येकाला मुखपाठ होतं.

मग त्यांनी तो माल कसा हलतो तेही सांगितलं. गाड्या एकामागे एक नसतात, तिरक्या रांगेत असतात. पहिली मध्यरेषेवरून बर्फ बाजूला लोटते, दुसरी तो उचलून आणखी बाजूला, तिसरी आणखी. मागून ब्रशवाल्या, शेवटी कडेचा ढीग लांब उडवणारी. कडेला ढीग उंच ठेवायचा नाही, पंख आणि इंजिन अडतं. कडेचे दिवे मोकळे करायचे, आणि फोडायचे नाहीत. आणि हे बर्फ पडून गेल्यावर करायचं नसतं, पडत असतानाच करायचं असतं. कारण त्यावरून चाकं गेली की तो दबतो, दबला की चिकटतो, मग ब्रशला दाद देत नाही. उणे वीसचा कोरडा बर्फ भला. खरा दगाबाज शून्याच्या आसपासचा: दुपारी वितळतो आणि दिवे लागायच्या वेळेला काच होऊन बसतो.

"मग मीठ टाका ना!" नंतर एकदा कुणीतरी म्हणालं. मिठाने विमानाचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून जगभरातल्या अनेक विमानतळांवर वर्षानुवर्षं युरिया टाकायचे. हे वाक्य आप्पांनी खरिपाच्या तोंडावर, कृषी सेवा केंद्राच्या रांगेत उच्चारलं, ही त्यांची वेळेची निवड. रांग ढवळून निघाली. "आठे कपाशीले भेटत नही, अन् त्या रस्तावर फेकतस?" आप्पा समजावू लागले, की युरिया उणे नऊ-दहाच्या खाली उपयोगी नाही, शिवाय वाहून ओढ्यात गेला की मासे मरतात, म्हणून आता पोटॅशियम ॲसिटेट नाहीतर फॉर्मेट वापरतात. पण पोटॅशचंही नाव निघाल्यावर रांग आणखीच खवळली. एकाने तर विचारलं, तिकडे लिंकिंग आहे का, युरियाबरोबर नको ते खत गळ्यात मारतात का?

अशा माणसाच्या आयुष्यात बर्फ एकदा तरी पडायला हवा होता. पडला तो गारांच्या रूपाने. मार्च महिना, गल्लीत हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले आणि पत्रे वाजू लागले. पंधरा-वीस मिनिटांत गल्ली पांढरी. बायका मांडवात, माणसं ओसरीत, गव्हाची आणि कांद्याची काळजी प्रत्येकाच्या तोंडावर. तेवढ्यात आप्पांच्या घराचं दार उघडलं. हवाई दलाचं जुनं जाकीट, कानटोपी, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात खराटा. पट्टी खिशात.

गारांचा रकाना त्या तक्त्यात नाही. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि त्या पाण्या-बर्फाच्या राड्यात धरल्या. मारुतीच्या पारापासून मोजणी सुरू केली. "दोन, एक, दोन!" कुणालाच काही कळलं नाही, पण आवाज असा होता की तीन पोरं आपापले खराटे घेऊन हजर झाली. आप्पांनी त्यांना तिरकं उभं केलं. मधून कडेला, मधून कडेला. गटारीचं तोंड मोकळं ठेवा. डीपीच्या खांबाशी ढीग नको. ज्या पोराने मध्येच गारांचा मारा सुरू केला त्याला रांगेतून काढून दिव्यांकडे नेमलं.

गल्लीच्या तोंडाशी नवरदेवाच्या मामाची जीप आली, आत पाच पाहुण्या आणि आहेराची ट्रंक. आप्पांनी टॉर्च आडवा धरला.

"थांबा. मधला भाग एक आहे."

"हळद लागायचीय, वेळ टळतेय!"

"वेळेचं भटजी बघतील. ब्रेकचं मी बघतो."

मामा नंदुरबारचे, तालेवार. त्यांनी हॉर्न वाजवला, नवरदेवाच्या बापाला हाक मारली, आप्पांच्या डोक्याविषयी मोठ्याने शंका घेतली. आप्पा पोरांना म्हणाले, "घाई करू नका," आणि आणखी एक फेरी मारली. मग पट्टी लावली, बुटाने घासून पाहिलं, आणि टॉर्च हलवला. "पाच, पाच, पाच. या." जीप आली. पाहुण्या उतरल्या. ट्रंक उतरली. हळद लागली. मामा जेवताना चारचौघांना सांगत होते, "काही झालं नसतं. उगाच अर्धा तास खाल्ला माणसाने."

आप्पांची एक डायरी आहे. श्रीनगरपासूनची सवय, रोज तारीख, वेळ, हवा आणि शेवटी घटना. त्या रात्रीची नोंद मी पाहिली आहे. गारा, १९ मिलिमीटर. साफसफाई, मनुष्यबळ ३ अधिक १. वाहन १, सुखरूप. घटना: निरंक. मी मागची पानं चाळली. निरंक. निरंक. निरंक. काकू म्हणाल्या, "आख्खी पेटी भरीसन शेतस अशा वह्या." निरंक लिहिताना आप्पांचं अक्षर इतर अक्षरांपेक्षा जरा मोठं आणि वळणदार येतं.

हा माणूस त्रासदायक आहे यात शंका नाही. त्याच्याबरोबर प्रवास करू नये, त्याच्या देखत ओटा धुऊ नये, आणि त्याच्या घरून निघताना चार्जर आधीच पिशवीत टाकावा. पण घसरून पडलेल्याचं नाव पेपरात येतं, पाय मोडलेल्याला बघायला गाव जातं. न पडलेल्यांची मोजदाद कुठे होत नाही आणि त्यांना न पाडणाऱ्याला कुणी नारळ देत नाही. जगातल्या कुठल्याही बर्फाळ गावी तुमचं विमान धड उतरलं तर समजावं, खाली असा एखादा आप्पा पट्टी घेऊन बसला होता. प्रत्येक गल्लीत असा एक माणूस असायलाच हवा. दोन मात्र नकोत. वरात निघायची नाही.